नानांची पेटी आणि इंदूरचा बॉक्स

बेस गिटार ऐकूच येत नाही, असं म्हणणाऱ्या माणसांचा मला आयुष्यभर राग आलेला आहे. ऐकू येत नाही म्हणजे काय? ढोलकी थांबली की लगेच कळतं. गाणारी बाई बेसूर झाली तर शेवटच्या रांगेतला माणूससुद्धा हसतो. बेस थांबला तर लोक खुर्चीत नुसती चुळबुळ करतात, आणि काय बिघडलं ते त्यांना सांगता येत नाही. धुळ्याच्या एका ऑर्केस्ट्रात मी नऊ वर्षं बेस वाजवला. नऊ वर्षांत एकानेही कार्यक्रमानंतर येऊन वा म्हटलं नाही. विचारलं ते एवढंच, की या गिटारीला दोन तारा कमी का, तुटल्या का? यावलला तर एका पुढाऱ्याने भर स्टेजवर सुचवलं, की पुढच्या वर्षी याला राहिलेल्या तारा घेऊन द्या. सगळे हसले. मीही हसलो.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. दिवसा मी कापडाच्या दुकानात मीटर मारायचो आणि लग्नसराई, गणपती, कॉलेजांची गॅदरिंगं यांत वाजवायचो. ऑर्केस्ट्रा एका शेठचा होता. त्याचा खरा धंदा मंडप, खुर्च्या आणि लाउडस्पीकर भाड्याने देण्याचा. ऑर्केस्ट्रा हा त्याचा शौक, म्हणजे तो स्वतः दोन गाणी म्हणायचा आणि ती आम्ही सहन करायचो. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करत असे. इथे करणार नाही.

माझ्या गिटारीला जळगावच्या एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राकडून घेतलेलं जुनं स्पीकरचं खोकं होतं. सगळ्यात जाड तार छेडली की ते फरफर करायचं. शिरपूरच्या एका गॅदरिंगमध्ये त्याच्या स्पीकरचा कागद उभा फाटला आणि उरलेला कार्यक्रम मी मुक्या गिटारीवर बोटं फिरवून काढला. कोणाच्या लक्षात आलं नाही, याचाही मला रागच आला. पण शेठला मात्र पटलं की आता नवीन खोकं हवं.

माझे वडील, नाना, जिनिंगमध्ये सुतार होते. यंत्रांच्या लाकडी पाट्या, कापसाच्या कोठ्यांची दारं, फळ्या, सगळं त्यांच्याकडे. ती जिनिंग बंद पडून तेव्हा आठ महिने झाले होते. नाना रोज सकाळी आंघोळ करून, टोपी घालून तयार होत आणि ओट्यावर बसून राहत. हत्यारांची पिशवी दाराआड टांगलेली असे. दर शनिवारी ते करवतीला तेल लावत आणि पुन्हा गुंडाळून ठेवत. मुळात कमी बोलणारा माणूस, त्या आठ महिन्यांत जवळजवळ बोलायचाच थांबला होता. मला ते बघवत नसे.

माझ्याकडे एक पुस्तिका होती. तिच्यात पंधरा इंची स्पीकरसाठी खोकं कसं करावं याची आकृती होती, मापांसकट. मी ती शेठला दाखवली आणि म्हटलं, माझे वडील करतील. शेठने आधी कंटाळून बघितलं. मग म्हणाला, ‘‘करू दे. चांगलं झालं तर माझ्या लाउडस्पीकरसाठी आठ बॉक्स त्यांच्याकडूनच करून घेतो. बाहेरून कशाला आणायचे?’’ त्याने हे चौघांसमोर म्हटलं होतं. घरी येऊन मी नानांना सांगितलं. त्यांनी विचारलं, ‘‘आठ?’’ मी म्हटलं, आठ. ते उठले आणि दाराआडची पिशवी काढून ओट्यावर उघडली.

पहिलं भांडण लाकडावरून झालं. पुस्तिकेत जाड प्लाय सांगितला होता. नानांनी तो हातात घेतला, कडेने बघितला आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना फसवायला निघालोय. ‘‘हाई लाकूड शे का? हाई त पुठ्ठं शे.’’ त्यांना सागवान हवं होतं. मी सांगितलं की आपल्याकडच्या उन्हाळ्यात अखंड लाकूड हलतं, फट पडते आणि फटीतून हवा गेली की सूर गेला. आपल्या हातच्या कामात फट, हे त्यांना ऐकवलं नाही. मग त्यांनी प्लाय घेतला आणि त्याच्याशी सागवानासारखे वागले.

आठ दिवस मी त्यांच्यासमोर बसून ते काम बघितलं. दुकानाच्या आधी तासभर, दुपारच्या सुट्टीत तासभर. कडांना खाचा घेऊन एक फळी दुसरीत बसवायची, सरस लावायचा, स्क्रू आवळायचे. सरस लावण्याआधी ते प्रत्येक सांधा उन्हासमोर धरत आणि मला म्हणत, देख. पलीकडचा उजेड दिसला तर पुन्हा रंधा. एकदा केसाएवढी रेघ दिसली, मी म्हटलं चालेल, त्यांनी अख्खी फळी बाजूला टाकली. पेटी उभी राहिल्यावर ते बोटाच्या पेराने तिच्या अंगावर सगळीकडे ठोकत फिरले, कान लावून. जिथे ठक वाजे ते सोडून देत. जिथे ठण वाजे तिथे म्हणत, ‘‘आठे पोकळ बोलस,’’ म्हणजे इथे पोकळ बोलते, आणि आतून तिथे आडवी पट्टी मारत. पुस्तिकेत दोन पट्ट्या होत्या. नानांनी सात मारल्या. आतल्या भिंतींना त्यांनी पिंजलेला कापूस खळीने चिकटवला, त्यात एक सरकी राहू दिली नाही. पुढच्या फळीवर स्पीकरच्या खाली, हवा जा-ये करायला, मनगट आत जाईल एवढं गोल भोक ठेवलं. आकृती ज्याने काढली त्या माणसाला नानांची पेटी बघून लाज वाटली असती.

शनिवारी संध्याकाळी घरातच वाजवून बघितली. शेजारी जुन्या खोक्यात उसना स्पीकर घालून तेही जोडलं. एकच अँप्लिफायर, एकच वायर, तेच चार सूर, वायर काढून याच्यात, काढून त्याच्यात. जुन्या खोक्यात कुठलाही सूर लावा, बाहेर एकच धुम यायचा. सगळ्या डाळींचं एकच वरण. नानांच्या पेटीत तूर वेगळी लागत होती आणि मूग वेगळा. सगळ्यात खालचा सूर छेडला तर तो मोठा होऊन अंगावर आला नाही, सरळ उभा राहिला, आणि बोट उचलताच थांबला. नऊ वर्षांत पहिल्यांदा मला मी काय वाजवतो ते ऐकू आलं. माझे डोळे भरून आले, हे सांगायला आता लाज कशाची? नाना संगीतातलं काही जाणत नव्हते. त्यांनी वाजत असताना पेटीच्या पाठीवर तळहात ठेवला, थोडा वेळ ठेवला, आणि म्हणाले की हलत नाही.

तोपर्यंत शेठने इंदूरहून एक तयार बॉक्स मागवून ठेवला होता. मला न सांगता. वर काळं रेक्झिन, कोपऱ्यांना चकाकते पत्रे, पुढे जाळी, आणि आत दोन बारा इंची स्पीकर. म्हणाला, रविवारी दुपारी मंगल कार्यालयात दोन्ही समोरासमोर वाजवू आणि जो चांगला वाटेल तो ठेवू. मला राग आला, पण भीती वाटली नाही. मी त्या शनिवारचा आवाज ऐकला होता.

रविवारी सकाळी आईने पेटीची पूजा केली. आमच्याकडे नवी वस्तू, मोटर असो की शिलाई मशीन, पूजेशिवाय उंबरा ओलांडत नाही. पेटी पाठीवर निजवली होती, तोंड वर. हळदीकुंकू झालं, नारळ फुटला. गल्लीतल्या चार बायका आल्या होत्या. मी हातगाडी ठरवायला गेलो होतो, आलो तेव्हा सगळं आटपलं होतं. मी म्हटलं एकदा वाजवून बघू. नाना म्हणाले, ‘‘आते तठेच वाजाडू.’’ पूजा झाल्यावर पहिला आवाज कामाच्या जागीच निघावा, असं त्यांचं म्हणणं. मी हट्ट धरला नाही. कसा धरणार, आठ महिन्यांत पहिल्यांदा ते हसत होते. त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली, आणि हातगाडीला एका बाजूने हात लावून ते कार्यालयापर्यंत चालत आले. रस्त्यात जो भेटला त्याला त्यांनी थांबून सांगितलं की पेटी वाजवायला नेतोय.

कार्यालयात शेठ, कीबोर्डवाला, गाणारी बाई आणि मंडपाचे दोघे-तिघे बसले होते. शिरल्या शिरल्या माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इंदूरचा बॉक्स कोपऱ्यात दोन भिंतींच्या मध्ये ठेवला होता आणि नानांची पेटी ठेवायला जागा दाखवली ती हॉलच्या मधोमध. कोपऱ्यात ठेवलेलं कुठलंही खोकं दुप्पट घुमतं. हे शेठला कळत होतं की नव्हतं, मला आजही ठाऊक नाही. तीस वर्षं लाउडस्पीकर लावणाऱ्या माणसाला कळत नसेल तर त्याची तीस वर्षं वाया गेली. पहिल्यांदा इंदूरचा वाजवला. धुम, धुम, धुम. खिडकीची तावदानं थरथरली आणि शेठने मान डोलवली. आमच्याकडे बॉक्सची परीक्षा ही अशी. तावदान हललं का? छातीत बसलं का? सूर कुठला लागला हे विचारायचं कोणाला कारण नाही.

मी वायर खाली ठेवली आणि म्हटलं, जागा बदला. आमची पेटी कोपऱ्यात, तुमचा बॉक्स मध्ये, मगच वाजवतो. शेठ म्हणाला, इतकं काय त्यात? मी आवाज चढवला. नाना मागून हळूच म्हणाले की राहू दे. मी राहू दिलं नाही. मंडपवाल्यांनी तोंडं वाकडी करत दोन्ही खोकी हलवली. मी नानांच्या पेटीत वायर खोचली, आवाज होता त्याहून थोडा वाढवला, आणि सगळ्यात जाड तार छेडली.

खर्रर्र झालं. पुन्हा छेडली, पुन्हा खर्रर्र, आणि आत काहीतरी टकटक. वरचे सूर साफ होते. खाली आलो की पेटी दात वाजवल्यासारखी खरखरायची, आणि कोपऱ्यामुळे ती खरखर अख्ख्या हॉलला ऐकू जात होती. मी बोटं बदलली, वायर बदलली, गिटार तपासली. काल नव्हतं हे! काल नव्हतं! गाणारी बाई पदर तोंडाला लावून हसली. शेठ खुर्चीत मागे रेलून म्हणाला, ‘‘आठ दिवस डोकं खाल्लंस माझं, टोन, टोन, टोन. हा टोन का? कान तपासून घे बाबा.’’

माझे कान. नऊ वर्षं ज्यांना कोणी विचारलं नाही ते माझे कान, आणि तेच हा माणूस चारचौघांत काढत होता. मला त्या क्षणी दुसरं काही दिसलं नाही. मी म्हणालो, ‘‘कान ठीक आहेत माझे. सांधा कच्चा राहिलाय. मी सांगत होतो घाई करू नका म्हणून.’’

एक अक्षर खरं नव्हतं त्यात. घाई मीच केली होती, केसाएवढ्या रेघेला चालेल मीच म्हटलं होतं. नाना माझ्या मागे दोन हातांच्या अंतरावर उभे होते. ते पुढे आले, पेटीपाशी उकिडवे बसले आणि बोटाच्या पेराने चारही बाजू ठोकत गेले. ठक, ठक, ठक. सगळे बघत होते. एकाही जागी ती पोकळ बोलली नाही. ते उठले, गुडघे झटकले, आणि माझ्याकडे न बघता शेठला म्हणाले, ‘‘राही गया व्हई.’’ राहिला असेल. त्यांनी माझं खोटं स्वतःच्या अंगावर घेतलं आणि मी ते घेऊ दिलं.

घरी आणून त्यांनीच पाठीमागची फळी काढली. आत, तळाशी, मूठभर तांदूळ होते. आणि आडव्या पट्टीच्या बेचक्यात एक सुपारी अडकलेली. आईने पेटीची ओटी भरली होती. तोंड वर करून निजलेली, उघडं भोक, त्यातून तिने खण वगळता बाकी सगळं आत सोडलं होतं. मी तिच्यावर ओरडलो, काय ओरडलो ते इथे लिहिणार नाही. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘घरमातून रिकामी कशी धाडू तिले?’’ लेक सासरी निघाली की जे करतात तेच तिने केलं होतं. नानांनी तांदूळ ओंजळीत गोळा केले, सुपारी काढली, फळी लावली, मला म्हणाले, वाजव. खालचा सूर पुन्हा शनिवारसारखा सरळ उभा राहिला. त्यांनी पाठीवर तळहात ठेवला नाही या वेळी. ते आत जाऊन पडले.

सोमवारी दुपारच्या सुट्टीत मी शेठच्या दुकानात गेलो. तांदळाचं सांगितलं, सुपारीचं सांगितलं. तो पोट धरून हसला, शेजारच्या दुकानदाराला बोलावून त्याने मला त्यालाही ते सांगायला लावलं. मग मी म्हटलं, आता पुन्हा एकदा वाजवून बघा, पाच मिनिटं. हसणं थांबवून तो म्हणाला, ‘‘तांदूळ असतील रे. पण सांधा कच्चा आहे हे तूच बोललास ना? मुलगाच सांगतो म्हटल्यावर आठ बॉक्स मी कोणत्या भरवशावर देऊ?’’ मी म्हटलं, मी रागात बोललो, ते खोटं होतं. तो म्हणाला, मग आता खरं बोलतोयस कशावरून? मी टेबलावर हात आपटला, दोन शिव्या दिल्या आणि ऑर्केस्ट्रा सोडला. सोडला म्हणजे काय, पुढच्या गणपतीला दुसऱ्याच्या गिटारीवर दुसरा कोणीतरी धुम धुम करत होता आणि कोणाला फरक कळला नाही.

घरी मी अर्धंच सांगितलं. शेठ हटून बसलाय, माणूस हलकट आहे, एवढं. नानांनी ऐकून घेतलं. दोन दिवसांनी ते हत्यारांची पिशवी घेऊन स्वतः शेठच्या दुकानात गेले, हे मला आईकडून पुढे कधीतरी कळलं. काय बोलणं झालं ते त्यांनी घरात कोणाला सांगितलं नाही. आठ बॉक्स इंदूरहून आले. नाना नरडाण्याला एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून लागले. जे हात केसाएवढी रेघ खपवून घेत नसत ते ट्रक आला की आडवा बांबू वर-खाली करू लागले. रविवारी घरी असले की गल्लीतलं कोणी मोडका पाट घेऊन येई. ते म्हणत, दुसऱ्याला दाखव.

मी मात्र शेठला सोडलं नाही. वर्षानुवर्षं सोडलं नाही. लग्नात कुठे त्याचे बॉक्स दिसले की माझी टकळी सुरू व्हायची. कसा कोपरा दाखवला, कसा आधीच बॉक्स मागवून ठेवला, कसं एका गरीब सुताराचं काम बुडवलं. माझी बायको जेवण वाढता वाढता मान हलवायची, तिला पाठ होतं. नाना ऐकत आणि जेवत. एका रविवारी दुपारी असाच मी ताटावर बसून शेठच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो, आणि पाण्याचा पेला खाली ठेवून नाना म्हणाले, ‘‘त्याले कसाले शिव्या देस? त्यानी सांधा देखेल नव्हता. तू देखेल व्हता.’’